ओजेटीची जागा कोणी शोधायची?

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणावर जी काही चर्चा झाली ती बहुतेक मेजर-मायनर, चौथे वर्ष आणि प्रवेशाच्या गोंधळाभोवती झाली. क्रेडिटच्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आखलेल्या आणि १३ मार्च २०२४ च्या निर्णयाने सुधारलेल्या चौकटीत तिसऱ्या सत्रात क्षेत्र प्रकल्प, चौथ्या सत्रात समुदाय सहभाग आणि सहाव्या सत्रात चार क्रेडिटचे 'ऑन जॉब ट्रेनिंग', म्हणजे महाविद्यालयांच्या बोलीतली 'ओजेटी', असे टप्पे आहेत. पदव्युत्तर वर्गाला दुसऱ्याच सत्रात ओजेटी किंवा क्षेत्र प्रकल्पाची चार क्रेडिट मिळवावी लागतात. पदव्युत्तर विभागांनी आणि स्वायत्त महाविद्यालयांनी हे २०२३-२४ पासून सुरू केले. संलग्न महाविद्यालयांतल्या पदवी वर्गांना चौकट लागू झाली २०२४-२५ पासून. त्या वर्षी बीए, बीकॉम, बीएस्सीला बसलेली मुले २०२६-२७ च्या उत्तरार्धात सहाव्या सत्रात पोहोचतील. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांवर पसरलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठापुढे तेव्हा एक साधा प्रश्न उभा राहील: इतक्या मुलांनी काम शिकायला जायचे कुठे, आणि ती जागा शोधायची कोणी? विद्यापीठ परीक्षा सक्तीची करते म्हणून परीक्षा केंद्रही तेच देते. बाक आणि पर्यवेक्षक तुमचे तुम्ही शोधून आणा, असे कोणी म्हणत नाही. पदवीसाठी सक्तीचे केलेल्या कामाच्या जागेलाही हाच न्याय लागू झाला पाहिजे, आणि तो लागू होत नाही तोवर ओजेटीची क्रेडिट शिकण्यापेक्षा ओळखीचीच मोजदाद करत राहतील, असे माझे म्हणणे आहे.

आधी पात्रतेचा आणि अर्जाचा व्यवहार पाहू, कारण कागदावर तो सोपा दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदवी स्तरावरील इंटर्नशिपच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका क्रेडिटला तीस तास. तीन वर्षांच्या पदवीत चौथ्या सत्रानंतर साठ ते एकशेवीस तासांची इंटर्नशिप, म्हणजे दोन ते चार क्रेडिट. राज्याच्या चौकटीत चार धरली की झाले एकशेवीस तास. विद्यार्थी त्या सत्राला नोंदलेला हवा आणि काम त्याच्या विषयाशी जोडता येणारे हवे, एवढीच मुख्य पात्रता. मग महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि शिफारसपत्र, संस्थेचे होकारपत्र, रुजू झाल्याची नोंद, रोजचे लॉगबुक, तिथल्या पर्यवेक्षकाची सही आणि शेरा, अहवाल आणि सरतेशेवटी व्हायवा. गुण पडले की क्रेडिट विद्यार्थ्याच्या 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात जमा. या साखळीतली प्रत्येक कडी तपासता येते, फक्त होकारपत्राची सोडून. ते कसे मिळाले, कुणाच्या शब्दावर मिळाले, हे कोणी विचारत नाही. आयोगाच्या तत्त्वांत समन्वय अधिकारी नेमावा, स्थानिक उद्योग-संस्थांचा धांडोळा घ्यावा, सामंजस्य करार करावेत, असे सगळे आहे. सोबत विद्यार्थ्याला स्वतः जागा शोधण्याची मुभाही आहे. मुभा होती त्याची वहिवाट व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. सूचनाफलकावर 'विद्यार्थ्यांनी अमुक तारखेपर्यंत होकारपत्र जमा करावे' एवढी ओळ लावली की महाविद्यालयाचे काम संपते आणि मुलाचे सुरू होते.

कामातून शिकण्याची सक्ती आपल्याकडे नवी नाही. जुन्या व्यावसायिक अभ्यासक्रमांनी ती पूर्वीच केली, आणि जागा कोणी द्यायची याचे प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९४७ पासून डॉक्टर घडताहेत. एमबीबीएसच्या मुलाला इंटर्नशिपसाठी रुग्णालय शोधत हिंडावे लागत नाही, कारण रुग्णालय नसेल तर महाविद्यालयालाच मान्यता नाही. बीएडला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांत वीस आठवड्यांची शाळेतली इंटर्नशिप घातली; तिथे शाळा अध्यापक महाविद्यालय ठरवते आणि मागच्या बाकावर बसून पाठाचे निरीक्षण करायला त्यांचा प्राध्यापक जातो. समाजकार्याच्या महाविद्यालयांत, नागपुरातल्या मातृसेवा संघाच्या किंवा तिरपुडे महाविद्यालयात, क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचा कणा आहे: संस्था नेमून दिलेली, आठवड्याचे दिवस ठरलेले, आणि लिहिलेल्या अहवालावर मार्गदर्शकाशी समोरासमोर बैठक. चार्टर्ड अकाउंटंटची आर्टिकलशिप मधल्या प्रकारची. २०२३ च्या नव्या योजनेत ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. जागा उमेदवार स्वतः शोधतो, पण कोणत्या सीएने किती आर्टिकल ठेवायचे आणि किमान स्टायपेंड किती द्यायचा हे इन्स्टिट्यूट ठरवते. जागा संस्थेने दिलेली नसली तरी संस्थेच्या नियंत्रणात आहे. कायद्याचे शिक्षण या रांगेत टोकाला बसते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवड्यांची इंटर्नशिप लागते, तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. वकील मात्र बहुतांशी ज्याने त्याने गाठायचा. ज्याच्या घरात वकिली आहे तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या चांगल्या चेंबरमध्ये जातो. ज्याच्या घरातला तो पहिलाच पदवीधर आहे तो सही देणारा कोणी मिळतो का ते पाहतो. नियम दोघांना एकच, गुणपत्रिकेवरची नोंदही एकच.

या तुलनेतून निघते ते इतकेच की सक्ती आणि जागा एकाच हातात असतात तिथे शिकणे होते, आणि त्या वेगळ्या झाल्या की सहीचा व्यवहार सुरू होतो. ओजेटी राबवताना आपण नेमका कायद्याचा नमुना उचलला, आणि तोही प्रवेश परीक्षेच्या गाळणीतून न आलेल्या, संख्येने कितीतरी मोठ्या आणि घरची ओळख कमी असलेल्या बीए-बीकॉमच्या वर्गासाठी.

नागपूरपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर हा वाद एकदा होऊन गेला आहे, हे नव्या धोरणाच्या भाषणांत फक्त गौरवापुरते येते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला आणि सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम यांनी हिंदुस्तानी तालीमी संघातून ती चालवली. मुलांच्या श्रमातून शिक्षकाचा पगार निघावा, या कल्पनेवर तेव्हाच हल्ला झाला: शाळा कारखाने होतील, मुले राबवली जातील, गावच्या कारागिराशी स्पर्धा होईल. ही शंका रास्त होती आणि आजही आहे. पण नई तालीमचा एक भाग आपण सोयीने विसरतो. तकली आणि शेत शाळेच्या आवारात होते, शिक्षक मुलाशेजारी बसलेला होता, आणि सुताच्या नंबरातून गणित शिकवणे ही त्याची जबाबदारी होती. नई तालीम पुढे क्षीण झाली त्याची कारणे अनेक. पण कामाची जागा आणि शिकवण्याची जबाबदारी तिने वेगळी केली नव्हती. सेवाग्रामच्याच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी ती सुरू केल्यापासून, वैद्यकीय विद्यार्थ्यांना खेड्यात नेले जाते. गाव संस्था ठरवते, शिक्षक सोबत जातात. म्हणजे चांगला नमुना शोधायला विमान पकडण्याची गरज विदर्भाला तरी नाही.

आता सध्याची वाट अडते कुठे ते बघा. काटोल-नरखेडच्या किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव-देवरीच्या महाविद्यालयातल्या मुलीला होकारपत्र आणायला सांगितले की तिच्यापुढे तीन पर्याय राहतात. पहिला, घरच्यांच्या ओळखीचे दुकान, पतसंस्था, कर सल्लागार. दुसरा, नागपूर: बुटीबोरी किंवा हिंगण्याची एमआयडीसी, मिहान, वाडीची गोदामे, तिथे रोजचा प्रवास किंवा महिनाभराची खोली आली. मोठ्या सार्वजनिक उपक्रमांना आणि संशोधन संस्थांना अर्ज करायचा तर महाविद्यालयाचे पत्र, टक्केवारी आणि पुष्कळ आधीची तयारी लागते. काही राष्ट्रीय प्रयोगशाळा तर प्रशिक्षणाचे शुल्क उलट विद्यार्थ्याकडून घेतात. तिसरा पर्याय मोबाइलवर असतो: ऑनलाइन 'व्हर्च्युअल इंटर्नशिप', नोंदणी शुल्क भरा, चार व्हिडिओ पाहा, प्रमाणपत्र डाउनलोड करा. या बाजाराला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्या मुलीला कोणी जागा दिली नाही आणि जिची पदवी चार क्रेडिटवर अडली आहे तिने ते प्रमाणपत्र विकत घेतले, तर तिला फसवणूक करणारी कोणत्या तोंडाने म्हणायचे? तो बाजार महाविद्यालयाने मोकळ्या सोडलेल्या जागेत उभा आहे. एक बारीक तरतूद इथेच नोंदवतो. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्याला प्रमाणपत्र हवे असेल तर त्या वर्षाच्या क्रेडिटवर आणखी चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. मधेच शिक्षण सोडते ते बहुधा परिस्थितीने रेटलेले मूल. बाहेर पडण्याची सोय म्हणून जे दार ठेवले, त्याच्या उंबऱ्यावर पुन्हा जागा शोधायचीच अट.

यावर सरकारी योजनांकडे बोट दाखवले जाते, म्हणून त्यांच्या पात्रतेच्या अटी नीट वाचल्या पाहिजेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना तेव्हा बारा महिन्यांची, महिन्याला ५,००० रुपये देणारी होती. पण ती सुरू झाली २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षणात नसलेल्या तरुणांसाठी. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ ची. बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन तिने ठरवले, पण शिक्षण चालू असलेला उमेदवार तिच्यातही बसत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या पदवीधर शिकाऊ उमेदवाराला २०१९ च्या नियमांनी किमान ९,००० रुपये ठरले. ते पदवीनंतर, किंवा त्यासाठी खास आखलेल्या पदवीत. या योजना बेरोजगारांसाठी आहेत आणि त्यांचा तसा तर्क मला मान्य आहे. मात्र परिणाम असा होतो की काम शिकण्याचे पैसे शिक्षण संपलेल्याला मिळतात, आणि जे काम शिकल्याशिवाय शिक्षणच संपत नाही ते फुकट करावे लागते.

तर मग ओजेटीचे पैसे मिळावेत का? इथे दोन टोके आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक टोक म्हणते, क्रेडिट हाच मोबदला. दुसरे म्हणते, बिनपगारी काम म्हणजे वेठबिगारी. एकशेवीस तास म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस; एवढ्यात नवख्या माणसाकडून कोणत्याही आस्थापनेला फार काही मिळत नाही, उलट तिच्या एका जाणत्या माणसाचा वेळ जातो. म्हणून या मुदतीपुरती पगाराची सक्ती केली तर आहेत त्या जागाही मिटतील, हा मालकांचा आक्षेप खरा आहे. पण काउंटरवर उभे करून रोज तीच पावती फाडायला लावले, तर त्यात शिकवले काय? अमेरिकेतल्या न्यायालयांनी या प्रश्नाला 'प्रत्यक्ष फायदा प्रामुख्याने कुणाचा' अशी कसोटी लावली आणि २०१८ मध्ये तिथल्या कामगार खात्याने ती स्वीकारली. विद्यार्थ्याचा फायदा मोठा असेल तर बिनपगारी चालते, मालकाचा असेल तर तो कामगार. फ्रान्समध्ये विद्यार्थी, संस्था आणि विद्यापीठ यांच्या त्रिपक्षीय कराराशिवाय इंटर्नशिप होतच नाही आणि दोन महिन्यांपेक्षा लांबली की मोबदला सक्तीचा. मला फ्रान्सची रीत आपल्याला जवळची वाटते, कारण ती भांडण कोर्टात जाईपर्यंत थांबत नाही. पंधरा दिवसांसाठी निदान येण्याजाण्याचे भाडे आणि काय शिकवणार याचा एक कागद. त्याहून लांबले तर पैसे. या करारात महाविद्यालय पक्षकार असले की विद्यार्थिनीच्या सुरक्षेलाही धनी मिळतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. पण समिती कुठे, तक्रार कुणाकडे, हे पंधरा दिवसांच्या पाहुणीला कोण सांगणार?

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षणशास्त्रीय आहे. जागा शोधणे हाच शिक्षणाचा भाग आहे. अर्ज लिहिणे, दहा ठिकाणी नकार ऐकणे, अकराव्या ठिकाणी पुन्हा जाणे यातूनच मूल तयार होते, सगळे ताटात वाढून दिले तर ते पांगळे होईल. यात तथ्य आहे. पण मग अर्ज करणे शिकवा, त्याला गुण द्या, मुलाखतीचा सराव घ्या. नकार पचवण्याचे शिक्षण सगळ्यांना सारखे मिळत असते तर हा युक्तिवाद मी मान्य केला असता. प्रत्यक्षात ज्याचे काका कारखान्यात आहेत त्याला एकही नकार ऐकावा लागत नाही, म्हणजे ज्याला हे शिक्षण हवे त्यालाच ते मिळत नाही. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी काम आणि वर्ग आळीपाळीने ठेवणारी पद्धत सुरू केली, तिच्यातही मुले मुलाखती देत, निवडली जात, पगारही मिळवत. पण कारखान्यांशी बोलणी विद्यापीठाने केलेली होती. मुलाने धडपडावे, पण धडपडायला मैदान संस्थेने आखून द्यावे.

दुसरा आक्षेप संख्येचा: एवढ्या जागा विदर्भात आहेतच कुठे? इथे अंदाजाने घाबरण्याऐवजी हिशेब करावा. साठ मुलांचा वर्ग आणि प्रत्येकी एकशेवीस तास म्हणजे ७,२०० तास. एकदम पाठवायचे तर साठ खुर्च्या लागतील हे खरे. पण सत्र पंधरा आठवड्यांचे, म्हणजे नव्वद कामाचे दिवस धरले तर एका खुर्चीवर पंधरा-पंधरा दिवसांनी सहा मुले बसतात. प्रत्येकाला आठवड्याचा एक दिवस नेमून दिला तरी तीच सहा. साठ मुलांना दहा खुर्च्या पुरतात. अट एवढीच की वेळापत्रक महाविद्यालयाने आखले पाहिजे, आणि साठ मुले साठ दारे ठोठावत असतील तर ते कधीच आखले जाणार नाही. या जागा मिहानच्या काचेच्या इमारतींतच असायला हव्यात असेही नाही. गोंदियाच्या राइस मिल, भंडाऱ्याकडची टसर विणकरी, काटोल-नरखेडचा संत्र्याचा व्यापार, कळमन्याची बाजार समिती, इतवारीच्या पेढ्या, तालुक्याची सहकारी बँक, ग्रामपंचायतीचे दप्तर: बीकॉमच्या मुलाला मालाची आवक, उधारी, जीएसटी आणि भावाचा चढउतार कळमन्यात जेवढा कळेल तेवढा पुस्तकात कळणार नाही. विज्ञानाच्या मुलांसाठी नागपूरसारखे शहर भाग्याचे. नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्र कार्यालय, मॉइल आणि वेकोलिची मुख्यालये एकाच गावात आहेत. त्यांना एकट्या मुलाचा ईमेल वाचायला वेळ नसतो. विद्यापीठाने वर्षाच्या सुरुवातीला शंभर जागांचा करार मागितला तर नाही म्हणणे त्यांना जड जाईल.

कला शाखेचे काय, हा प्रश्न हमखास थोड्या चेष्टेने विचारला जातो. मराठी वाङ्मयाचा किंवा इतिहासाचा विद्यार्थी कुठे 'ऑन जॉब' जाणार? १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थेत, अजब बंगल्यात म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, जुन्या ग्रंथालयांच्या सूचीकामात, न्यायालयीन भाषांतरात. खरी अडचण तिथे काम नसण्याची नाही. तिथे 'एचआर' नसतो, म्हणून होकारपत्राचा छापील नमुना कोणी भरून देत नाही. अशा संस्थांशी बोलायला प्राध्यापकच लागतो, आणि तो बहुधा तिथला सभासदही असतो.

एका मोठ्या गटाचा मात्र या चर्चेत उल्लेखही होत नाही: जी मुले आधीच काम करतात. सकाळी वर्ग आणि दुपारनंतर सीताबर्डीच्या दुकानात, डिलिव्हरीच्या गाडीवर, मेडिकल स्टोअरमध्ये, घरच्या संत्राबागेत राबणाऱ्या मुलाला आणखी एकशेवीस तास फुकट काढ म्हणणे म्हणजे त्याची मजुरी बुडवणे. २०२३ ची राष्ट्रीय श्रेयांक चौकट अनुभवालाही क्रेडिट देण्याची वाट मोकळी ठेवते. ती वापरावी. नुसते काम केले म्हणून क्रेडिट नको, हे बरोबर. मेडिकल स्टोअरमध्ये बसणाऱ्या बीकॉमच्या मुलाने त्या दुकानाचा साठा, मुदत संपलेल्या औषधांचा परतावा आणि खेळते भांडवल यांवर अहवाल लिहून व्हायवा द्यावा. तो अहवाल बाजारातल्या प्रमाणपत्रापेक्षा खरा असेल, आणि तपासणाऱ्यालाही काही नवे कळेल.

शेवटी प्रश्न उरतो तो करणार कोण याचा, आणि इथे महाविद्यालयांची बाजूही ऐकली पाहिजे. रिक्त पदांमुळे कित्येक विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. त्यांना मानधन तासाचे. बुटीबोरीला जाऊन विद्यार्थी काय करतोय ते पाहण्याचा अर्धा दिवस कोणत्या तासिकेत धरायचा? ओजेटीला क्रेडिट देताना शिक्षकाच्या कार्यभारात तिची तितकीच ठोस नोंद झाली नाही, तर मार्गदर्शक फक्त शेवटची सही करील. जागांची नोंदवहीही एकेका महाविद्यालयाने ठेवण्यात अर्थ नाही. तालुक्यातल्या तीन महाविद्यालयांनी एकाच राइस मिलच्या मालकाला तीनदा गाठले तर तो तिघांनाही दार लावील. ते काम विद्यापीठाने जिल्हावार करावे, आणि २०२६-२७ च्या आधी करावे. बाकी काही गोष्टींना नवा निधीही लागत नाही, फक्त नियमातला एखादा शब्द बदलावा लागतो. एसटीचा विद्यार्थी पास घर ते शिक्षणसंस्था एवढ्याच मार्गाचा असतो. नरखेडच्या मुलाला सहाव्या सत्रात बाजारगावच्या कारखान्यात पाठवायचे असेल, तर तेवढ्या आठवड्यांपुरते महाविद्यालयाच्या शिक्क्याने त्या पासवर कारखान्याचा थांबा लिहून मिळाला पाहिजे.